छत्रीखालची वाळू

अकोल्याला समुद्र नाही, हे नंदकिशोर ठोसरांनी कधी मान्य केलं नाही. त्यांच्या घरी तो होता. हॉलमध्ये, टीव्हीच्या डावीकडे, दीडशे लिटर. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलांना चिकटायला लागलं तरी हा समुद्र सव्वीस अंशांवर गारेगार असायचा. त्यासाठी एक थंड करणारं यंत्र दिवसरात्र घुरघुरत असे, आणि स्वतः ठोसर दांपत्य कूलरच्या दमट वाऱ्यात घामेजून झोपत असे. माशांना एसी आणि माणसांना कूलर, यावर पाहुणे हसायचे.

"ते बिचारे लांबून आलेत," ठोसर म्हणायचे. "आपण काय, इथलेच."

ठोसर वीज कंपनीत मीटर तपासायच्या खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं: मीटर खोटं बोलत नाही. लोकांचा त्यावर विश्वास नव्हता, ठोसरांचा होता. निवृत्तीनंतर असा विश्वास ठेवायला काही उरत नाही, म्हणून ते टाकीचा खारेपणा रोज तपासायचे.

समुद्र मुळात निहारचा, त्यांच्या मुलाचा. शाळा संपेपर्यंत त्याने खरा समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे त्याचं समुद्रावर फारच प्रेम होतं. कॉलेजात असताना त्याने स्वतः काचा चिकटवून ही टाकी उभी केली. पुढे त्याच विषयात शिकला आणि अंदमानात प्रवाळाची रोपं लावणाऱ्या एका संस्थेत लागला. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाचा मुलगा शेवटी लागवडच करत होता, फक्त पाण्याखाली.

दोन पावसाळ्यांपूर्वी तो असाच लागवडीला उतरला आणि वर आला नाही. शोधणाऱ्यांना बोट मिळाली, जेवणाचा डबा मिळाला, बोटीत जोडीने काढून ठेवलेल्या चपला मिळाल्या. तो मिळाला नाही.

त्यानंतर घरात दोन नियम आले. कुणी केले ते सांगता येत नाही, पण पाळले दोघांनीही. निहारबद्दल 'गेला' हा शब्द वापरायचा नाही, आणि टाकीतला दगडसुद्धा जागचा हलवायचा नाही. माणूस सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात, असं सुचवायला नातेवाईक आले, तेव्हा ठोसरांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "शुभाला सहन होणार नाही," ते हळूच म्हणाले. सगळ्यांनी मान हलवली. आईचं काळीज, वगैरे. शुभांगीबाई आत चहा टाकत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

टाकीत एक समुद्रफूल होतं. फूल म्हणायचं, पण तो प्राणी आहे: दगडाला पाय रोवून बसतो आणि बोटांसारखे शेकडो तंतू पाण्यात हलवत राहतो. निहारने ते रुपयाएवढं असताना आणलं होतं, आता ते जेवणाच्या ताटाएवढं झालं होतं. त्याच्या तंतूंत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी राहायची. "मोठी आहे ना, ती बाई," निहारने एकदा आईला समजावलं होतं. "सगळा कारभार तिचा. आणि ती मेली ना आई, की नवराच काही दिवसांनी बाई होतो. खरोखरची."

"त्याशिवाय घर चालायचं कसं," शुभांगीबाई म्हणाल्या होत्या.

त्या मे महिन्यात, एका सकाळी, टाकीतले मासे मरायला लागले.

आधी निळा गेला. तो नवाच होता, ठोसरांनी नुकताच आणलेला. मग पिवळा गेला. मोठी क्लाउनफिश फुलातून बाहेर येऊन पाण्याच्या फवाऱ्यापाशी तोंड उघडझाप करत राहिली, भरल्या पाण्यात हवेला महाग झाल्यासारखी. ठोसरांनी खारेपणा पाहिला, तापमान पाहिलं, आम्लता पाहिली. सगळे आकडे ठीक होते. आकडे ठीक असताना कुणी मरतं, हे त्यांच्या खात्यात बसत नव्हतं. ते स्कूटर काढून देवतळ्यांना आणायला गेले.

डॉ. देवतळे निवृत्त पशुवैद्य आणि ठोसरांचे जुने मित्र. ते आले, चष्मा बदलला, वाकून टाकीत पाहिलं.

"नंदू, मी बैलांचा डॉक्टर. माझ्या पेशंटला चार माणसं धरून ठेवायची. हा तर पोह्याच्या घासाएवढा."

"मग मोठी गेली कशी, ते तरी सांग."

मोठी तोवर तळाशी आडवी झाली होती. शुभांगीबाई खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातात पदराचं टोक होतं, ओलं.

देवतळ्यांनी मेलेल्या माशाचा कल्ला भिंगाखाली धरला. "इथे काहीतरी बारीक बसलंय. पण नाव-गाव सांगणं माझ्याच्याने व्हायचं नाही. ते नवीन यंत्र मागव. ते नीरक्षीर. माझ्या व्याह्यांनी विहिरीसाठी घेतलं होतं."

"चांगलं आहे?"

"यंत्र चांगलं आहे. व्याही आता भावाशी बोलत नाहीत."

या नीरक्षीरबद्दल थोडं सांगायला हवं. कुठलाही जीव पाण्यात शिरला की त्याचं थोडं काही तिथे राहतं: लाळ, खवला, कातडीचा कण. त्या कणात त्या जीवाच्या डीएनएचा धागा असतो. धागा ताजा असतो तेव्हा लांब असतो, आणि जुन्या वर्तमानपत्रासारखा दिवसागणिक तुटत जातो. तुकडे मोजले की जीव कोणता ते कळतं, आणि तुकडे किती बारीक झालेत यावरून तो पाण्यात कधी आला तेही कळतं. उघड्या पाण्यात हा धागा फार टिकत नाही. पण वाळूच्या कणाला चिकटून अंधारात पडून राहिला, तर वर्षानुवर्षं राहतो. त्याचा खरा वैरी म्हणजे ऊन. प्रयोगशाळेत खोलीभर यंत्रं लावून जे वाचत, ते वाचणारी ही लाटण्याएवढी नळी होती. पाण्यात बुडवायची, आणि ती बोलायची.

मत्स्यपालनासाठी निघालेली ही नळी वर्षभरात सगळीकडे पोचली. त्यात 'मानवी संपर्क' नावाची एक सोय होती: साबणाचा हात टाकीत कुणी घातला ते मालकाला कळावं, इतकाच साधा हेतू. पण माणसाला एकदा विचारायची सोय झाली की तो माशांपाशी थांबत नाही. सोसायट्यांनी ती पोहण्याच्या तलावात बुडवली आणि वार्षिक सभा मारामारीने संपल्या. जावांनी माठात बुडवली. एका फार्महाउसच्या हौदात ती बुडवली गेल्यावर जिल्ह्याचं राजकारण बदललं. बिघडलं म्हणून लोक यंत्र परत करतात, चालतं म्हणून परत केलेलं हे पहिलंच. शेवटी कंपनीने खोक्यावर इशारा छापला: उत्तर ऐकण्याची तयारी असेल तरच प्रश्न विचारावा. हा इशारा पुष्कळ गोष्टींवर छापता आला असता.

ठोसरांनी दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं. नळी बातम्या देणाऱ्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. मी नीरक्षीर. घरात एकूण किती व्यक्ती आहेत?"

"तीन," ठोसर म्हणाले.

शुभांगीबाई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला.

"प्रत्येकाने कृपया बोट टेकवावे. अपत्य उपस्थित नसल्यास आईवडिलांवरून ओळखता येईल."

दोघांनी बोट टेकवलं. नळी पाण्यात गेली, थोडा वेळ गप्प राहिली, आणि बोलू लागली.

"मृत्यूचे कारण: परजीवी. प्रचलित नाव वेल्व्हेट. टाकीत प्रवेश: नवीन निळ्या माशासोबत. मासा वेगळा न ठेवता थेट टाकीत सोडला गेला. सोडणारा हात: पहिली व्यक्ती, नंदकिशोर—"

ठोसरांनी आवाज बंद केला. बाकीचं यंत्र मूकपणे सांगत राहिलं, दिवा लुकलुकत राहिला, आणि त्यांनी नळी काढून उलटी ठेवली.

"काय म्हणालं?" आतून प्रश्न आला.

"वेल्व्हेट. साथ असते. येते कधीकधी."

ही वेल्व्हेट म्हणजे मखमल. आजारी माशाच्या अंगावर सोनेरी पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. पण ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण हा जीव आधी कल्ल्यांत शिरतो आणि मासा पाण्यातल्या पाण्यात गुदमरतो. पोट भरलं की जीव सुटून खाली वाळूत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. कवच फुटलं की ती पिल्लं पोहत नवा मासा शोधायला निघतात. औषध लागू पडतं ते फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांना. औषध म्हणजे तांबं. पाण्यात तांब्याचा बारीकसा अंश असला की पिल्लं मरतात आणि मासा तगतो. अडचण एकच. कणा नसलेल्या जिवांना तांबं सोसत नाही: शंख, कोळंबी, प्रवाळ, समुद्रफूल. (माणसांत कणा नसलेल्यांना सगळंच सोसतं, पण तो वेगळा विषय.) शिवाय वाळू तांबं शोषून घेते आणि महिनोन्‌महिने हळूहळू सोडत बसते. म्हणून टाकीत तांबं कधीही घालायचं नाही. मासा वेगळ्या टबात काढायचा, औषध तिथे द्यायचं, आणि टाकी काही आठवडे बिनमाशांची ठेवायची, म्हणजे उरलेली पिल्लं उपाशी मरतात.

आणि नवा मासा आणला की तो आधी महिनाभर वेगळा ठेवायचा. हा निहारचा नियम होता. ठोसरांनी तो कायम पाळला. या वेळी मोडला, कारण मासा त्याच दिवशी टाकीत दिसायला हवा होता. तो दिवस निहारच्या वाढदिवसाचा होता. ठोसर तसं बोलले नव्हते. शुभांगीबाईंनीही काही न बोलता शिरा केला होता.

उरला होता एक धाकटा क्लाउनफिश, मोठीचा नवरा. ठोसरांनी त्याला कूलरसमोर ठेवलेल्या टबात हलवलं, औषध मोजून घातलं. आश्चर्य म्हणजे तो आधीच बरा दिसत होता. कल्ले शांत, नजर तरतरीत. पण टाकीतलं समुद्रफूल मात्र दुपारपर्यंत मिटलं. संध्याकाळी ते मुठीएवढं झालं, तोंड उघडं, तंतू आतल्या आत वितळल्यासारखे. मासे गेले तर मासे आणता येतात. हे फूल निहारने स्वतःच्या हाताने त्या दगडावर बसवलं होतं.

त्यांनी सकाळी नळी पुन्हा बुडवली. आवाज या वेळी चालू ठेवला, अगदी बारीक.

"पाण्यात तांबे आढळले. प्रमाण: परजीवींना मारक, समुद्रफुलास घातक. धाकट्या माशाचा आजार या तांब्यामुळेच आटोक्यात आला. तुळस आढळली. तुळस ही समुद्री वनस्पती नाही. तांबे मिसळणारा हात: दुसरी व्यक्ती, शुभांगी. समुद्रफूल नव्या पाण्यात व नव्या वाळूत हलवल्यास वाचू शकते. जुन्या वाळूच्या तपासणीसाठी नळी वाळूत खुपसावी."

ठोसरांनी खुपसली नाही. त्यांनी आधी फिल्टरची जाळी काढली. जाळीला तुळशीचं पान चिकटलं होतं, काळपट झालेलं.

देवघरात, देवांच्या मागे, गंगाजलाचा तांब्याचा गडू असायचा. ठोसरांच्या आईने काशीहून दोन आणले होते, झाकण झाळून पक्के बंद केलेले. एक तिच्याच वेळी फोडला. दुसरा आपल्यापैकी जो आधी जाईल त्याचा, असं ठोसर बायकोला चिडवायचे, आणि ती म्हणायची, मग मीच घेणार, तुमचं कशात काय नसतं. गडू जागेवरच होता. झाकण उचकटलेलं. ठोसरांनी आत बोट फिरवलं. इतक्या वर्षांचा हिरवा गंज असायला हवा होता. आतला तांब्याचा पत्रा स्वच्छ निघाला.

ते गडू घेऊन स्वयंपाकघरात गेले. शुभांगीबाई कणीक मळत होत्या.

"शुभा, हा फोडलास?"

"हो."

"अगं, हा आपल्यापैकी जो आधी..."

"गेला की एक आधी," शुभांगीबाई म्हणाल्या, आणि कणकेला मूठ लावत राहिल्या.

निहारबद्दल तो शब्द घरात दोन वर्षांत पहिल्यांदा आला होता.

"तुम्ही देवतळ्यांकडे गेला होतात," त्या म्हणाल्या. "मोठी काचेशी आली. माझ्यासमोर तोंड उघडझाप करत होती. मी पळीने दोन थेंब घातले तिच्या तोंडापुढे. तुळशीचं पान सोडलं. मग मनात आलं, त्याला कुणी घातले असतील? त्याच्या तोंडात खारंच पाणी गेलं असेल हो. मग मी सगळा गडू उपडा केला. आत राहिलं होतं तेही टाकीत बुचकळून विसळलं. थेंबही मागे ठेवला नाही."

कूलरचा आवाज येत होता.

"मला वाटायचं," ठोसर म्हणाले, "तुला वाटतं की तो येईल."

"मला?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "खोलीला कुलूप कुणी लावलं? किल्ली कुणाच्या खिशात असते? त्याचा जुना फोन दर रविवारी चार्ज कोण करतं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला सहन झालं नसतं."

ठोसरांनी गडूच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तो निळा मासा... रोग त्याच्यासोबत आला. मी आणला."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुम्ही आवाज बंद केलात तोवर तुमचं नाव घेऊन झालं होतं त्या नळीचं. आणि त्या दिवशी मासा का आणलात, तेही माहीत आहे. शिरा काय उगाच केला?"

"तुझ्या गंगाजलाने धाकटा वाचला, शुभा. यंत्रच म्हणालं."

"आणि फूल?"

मीटर खोटं बोलत नाही. माणसाला मात्र प्रत्येक वेळी ठरवावं लागतं.

"फुलाला तांबं सोसलं नाही," ते म्हणाले. "पण जीव आहे अजून. नव्या वाळूत ठेवलं तर वाचेल म्हणते ती. जुनी वाळू तपासायला सांगते."

शुभांगीबाईंनी हात धुतले. "मग तपासा की. आता आवाज मोठा ठेवा."

दोघं टाकीपाशी आले. ठोसरांनी दंडापर्यंत हात घातला, फुलाचा दगड हळूच सरकवला आणि त्याच्याखालच्या वाळूत नळी खुपसली. या वेळी ती बराच वेळ गप्प होती.

"वाळूत तांबे मुरले आहे. वाळूत तीन व्यक्तींचा संपर्क आढळला. पहिली व्यक्ती. दुसरी व्यक्ती. तिसरी व्यक्ती: पहिल्या दोघांचे अपत्य, पुरुष. धागे जुने व विरळ, दगडाखालच्या अंधारात टिकलेले. पाण्यात हा अंश नाही, फक्त या जागेच्या वाळूत आहे. शिफारस: वाळू टाकून द्यावी."

शुभांगीबाई खाली बसल्या. जमिनीवरच, पाय दुमडून. निहार शेवटचा आला होता तेव्हा याच दगडाशी अर्धा दिवस झटत होता. जेवायला हाका मारून त्या वैतागल्या होत्या. बाही भिजली होती त्याची, खांद्यापर्यंत.

"तो आहे त्यात?" त्यांनी विचारलं.

"थोडासा," ठोसर म्हणाले. "धुळीएवढा."

"तेवढाच असतो हो. सगळ्यांचाच तेवढाच उरतो."

ठोसरांनी सुचवलं की फूल हलवू, मासा नव्या टाकीत ठेवू, आणि ही टाकी तशीच राहू दे. रिकामी. दिवा लावून. झाकण बसवून. शुभांगीबाईंनी त्यांचे सगळे उपाय ऐकून घेतले, आणि मग म्हणाल्या, "अस्थी घरात ठेवत नाहीत."

फूल हलवायचं काम दुपारपर्यंत चाललं. नवी टाकी, नवं पाणी, नवी वाळू. जुनी वाळू निचरून पोत्यात भरली गेली. पण दगडाखालची ओंजळभर शुभांगीबाईंनी स्वतः काढली आणि नव्या कोऱ्या पांढऱ्या फडक्यावर घेतली.

देवतळ्यांना फोन केला. ते म्हणाले, "कुठल्याही पाण्यात सोडू नका. रोग आहे, तांबं आहे. नदीतही नाही, समुद्रातही नाही."

"निहारही हेच म्हणाला असता," ठोसर म्हणाले. टाकीतलं काही समुद्रात टाकणाऱ्यांवर तो फार चिडायचा.

"आधी कडक वाळवा. अकोल्याच्या उन्हात कुठलाही परजीवी जगत नाही. आपण कसे जगतो ते मला कळलेलं नाही."

शुभांगीबाईंनी फडकं गच्चीवर नेलं आणि शेजारच्या गोपनारायणांच्या कुरडयांसारखं ऐन उन्हात पसरलं. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. मग त्या भात टाकायला खाली आल्या.

बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की नवरा घरात नाही. स्कूटर होती. चपला नव्हत्या. त्या जिना चढून वर गेल्या.

भर दुपार होती. गच्चीच्या फरशीवरून झळा उठत होत्या. त्या झळांच्या मधोमध नंदकिशोर ठोसर, डोक्याला रुमालही न बांधता, हात लांब करून फडक्यावर काळी छत्री धरून उभे होते. सावली नेमकी वाळूवर पडेल अशी. ते स्वतः उन्हात होते.

पलीकडच्या गच्चीवरून गोपनारायण विचारत होते, "काय वाळवून राहिले, ठोसर साहेब?"

"वाळू."

"अन् छत्री काहून?"

"ऊन लागतंय तिला."

गोपनारायण सज्जन माणूस. त्यांनी थोडा विचार केला, कुरडया उलटायच्या तशाच ठेवल्या आणि खाली निघून गेले.

शुभांगीबाई जवळ आल्या. ठोसरांची मान, कान लाल झाले होते. छत्री थरथरत होती, कारण माणूस हात लांब करून किती वेळ धरणार.

"अहो. वाळायची कशी मग ती?"

"उन्हाने तुटतात धागे," ठोसर म्हणाले. ते वाळूकडेच बघत होते. "नळीच्या पुस्तिकेत दिलंय. अंधारात वर्षं टिकतात. उन्हात नाही. थोड्या वेळात काहीच राहत नाही, शुभा. मग ती फक्त वाळू."

शुभांगीबाई पदर डोक्यावर घेऊन त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या. दोघं उन्हात, आणि ओंजळभर वाळू सावलीत. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या, आणि पहिल्यांदाच त्या ऐकून शुभांगीबाई धावल्या नाहीत.

"त्याला गार पाण्यात फार वेळ झाला हो," त्या शेवटी म्हणाल्या. "जरा ऊब लागू द्या."

ठोसरांचा हात खाली आला. छत्री त्यांना मिटता येईना, खटका सापडेना. ती शुभांगीबाईंनी घेतली, मिटली आणि कठड्याला टेकवून ठेवली. पांढऱ्या फडक्यावर ऊन पडलं. वाळूचे कण एकाएकी लखलखले, आणि ठोसर, ज्यांनी तोवर कुणाच्या देखत रडणं टाळलं होतं, खाली बसून लहान मुलासारखे रडले. शुभांगीबाईंनी त्यांच्या तापलेल्या डोक्यावर आपला पदर धरला. दुपार कलली तेव्हा गरम वाऱ्याची एक वावटळ गच्चीवरून गेली. एका कोपऱ्याची वीट सरकली, फडकं फडफडलं. ते धरायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

फूल वाचलं. लिंबाएवढं उरलं होतं, पण एका सकाळी त्याने तंतू बाहेर काढले. औषध पुरं झाल्यावर, काही आठवड्यांनी, धाकटाही टबातून नव्या टाकीत आला आणि फुलात शिरला. हल्ली तो अंगाने भरायला लागलाय, वागण्यात अधिकार आलाय. देवतळे म्हणतात, बाई होतेय.

नळी रोज सकाळी पाण्यात जाते. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी तिने सगळं सांगून झाल्यावर विचारलं होतं, "घरातील व्यक्ती तीन. पाण्यात व वाळूत दोघांचाच संपर्क आढळतो. तिसऱ्या व्यक्तीची नोंद वगळायची का? हो, नाही, की नंतर विचारू?"

ठोसरांनी 'नंतर' दाबलं.

यंत्र आज्ञाधारक. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारू लागलं. ठोसर पुन्हा 'नंतर' दाबू लागले. सकाळच्या चहासारखं ते ठरूनच गेलं. खोलीचं कुलूप त्यांनी काढलं, फोन चार्ज करणं सोडलं, गावी जाऊन तेराव्या-चौदाव्याचं जे काय करतात ते दर्भाच्या पुतळ्यासकट सगळं केलं. फक्त त्या एका बटणापाशी त्यांचं बोट सरकायचं आणि 'नंतर'वर पडायचं.

मग एका सकाळी यंत्राने विचारलंच नाही. खारेपणा सांगितला, तापमान सांगितलं आणि गप्प झालं. ठोसर नळी हातात धरून उभे राहिले. तिला पुढचं विचारायचा धीर त्यांना झाला नाही. ते स्वयंपाकघरात गेले.

"शुभा, तू उत्तर दिलंस का तिला?"

"दिलं."

"काय दिलंस?"

"चहा गार होतोय तुमचा."

त्यांनी चहा घेतला. कप विसळून ठेवला. परत हॉलमध्ये आले, आवाज मोठा केला, नळी पाण्यात सोडली आणि डोळे मिटून विचारलं.

"घरातील व्यक्ती: तीन," नीरक्षीर म्हणाली. "आज दोघांचा हात लागला. पाणी चांगले आहे."